रडायची भाषा

माझ्या आईला रडायला बोलावणं यायचं.

मराठीत लिहिलं की हे वाक्य विचित्र दिसतं. मोबदला घेऊन रडणारी बाई असावी असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं गाव. तिथे मयत झालं की बायका मयताभोवती बसतात आणि गाऊन रडतात. कन्नडमध्ये त्याला ‘हाड्याडी अळोदू’ म्हणतात. गेलेल्या माणसाशी बोलायचं, त्याचे कष्ट, त्याच्या खाण्यापिण्याच्या आवडी, त्यानं केलेली भांडणंसुद्धा, सगळं हेल काढून त्यालाच सांगायचं. कुणीतरी एकीनं सुरुवात करावी लागते, मग बाकीच्या उचलतात. सुरुवात करायला धीर लागतो आणि शब्द लागतात. माझ्या आईकडे दोन्ही होतं.

आम्ही सोलापुरात राहायला आल्यावरही गावाकडून निरोप यायचा आणि ती मिळेल त्या एसटीनं निघायची. परत यायची तेव्हा आवाज बसलेला असायचा. मग दोन दिवस ती गरम पाणी प्यायची आणि खुणांनी बोलायची. मला ते दोन दिवस फार आवडायचे, कारण त्या काळात मला ओरडा मिळत नसे.

तिला मी अव्वा म्हणायचे. शाळेतल्या मैत्रिणींसमोर मात्र ‘आई’ म्हणायचे, आणि ही हाक आपल्यालाच आहे हे तिला कळायला जरा वेळ लागायचा.

माझे वडील, म्हणजे अप्पा, यंत्रमागाच्या कारखान्यात होते. मालकाशी तेलुगू, मिस्त्रीशी दखनी, दुकानात मराठी आणि उंबऱ्याच्या आत कन्नड, असा त्यांचा दिवस जायचा. यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि सोलापुरात ते विशेष नाहीच. मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा कन्नड शाळा घरापासून जवळ होती आणि मराठी शाळा लांब. अप्पांनी लांबची निवडली. शेजारच्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, “कन्नड घरात हायच की. ती कुटं पळून जातीय?”

पहिलीत चार-पाच महिने मी तोंड उघडलं नाही. बाईंनी अप्पांना बोलावून हळू आवाजात विचारलं, मुलगी बोलत नाही का? अप्पांना हसू आवरेना, कारण घरी माझी टकळी थांबत नसे. दिवाळीनंतर मी बोलायला लागले ती लागलेच. चौथीत वक्तृत्वात पहिली आले. तेव्हापासून माझं मराठी आमच्या घरातला काचेचा सेट झालं, पाहुणे आले की काढायचं.

त्याचा उपयोगही खूप झाला, हे सांगितलं पाहिजे. गावाकडून कुणी दवाखान्यात दाखवायला आलं की अव्वा माझ्या पाठीवरचं दप्तर उतरवून ठेवायची. पाचवीतली मी सरकारी दवाखान्याच्या रांगेत, मागे एखादी म्हातारी. डॉक्टर विचारायचे, “पोटात जळजळ होते की कळ येते?” मी कन्नडमध्ये विचारायचे. म्हातारी सांगायला लागायची, त्यात तिची सून, आटलेली विहीर, व्यायलेली म्हैस सगळं यायचं. पाच मिनिटांनी मी डॉक्टरांना सांगायचे, “जळजळ.” डॉक्टर हसायचे, म्हातारी मला आशीर्वाद द्यायची. परत येताना ती माझा हात सोडायची नाही, रस्ता मला माहीत होता म्हणून. दोन भाषा येणाऱ्या पोराला मोठ्या माणसाचा मान लवकर मिळतो. मला तो मिळाला आणि माझ्या डोक्यात गेला.

मी सातवीत असताना आमच्या खालच्या खोलीतले तेलुगू आजोबा वारले. त्यांच्या घरच्या बायका तेलुगूत रडत होत्या. अव्वाला तेलुगू येत नव्हतं. ती खाली गेली, त्यांच्यात बसली आणि कन्नडमधून सुरू झाली. आजोबा रोज पहाटे नळाला पाणी आलं की आमच्या जिन्यावर काठी आपटायचे, ते ती त्यांना सांगत होती. आता आम्हाला कोण उठवणार, म्हणत होती. तेलुगू बायका तिची ओळ संपेपर्यंत थांबायच्या, मग त्यांच्यातली एक तेलुगूतून उचलायची. कुणाचं कुणावाचून अडलं नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि मला ते आवडत होतं, हे मला पक्कं आठवतं. माझ्या आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्याच गल्लीतल्या एका मुलीनं डोक्यावरून रुमाल घेतला आणि अव्वाची नक्कल केली. हेल हुबेहूब. शब्द मात्र नुसते यंडूगुंडू. मुली हसून हसून लोळल्या. नक्कल करणारी मधूनमधून माझ्याकडे बघत होती. ती बाई कुणाची आई आहे हे तिला माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. आता ही सांगते की काय, या भीतीनं मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

त्यानंतर मी घरात मराठीत उत्तरं द्यायला लागले. अव्वा कन्नडमध्ये विचारायची, मी मराठीत सांगायचे. बाजारातलं, नळावरचं मराठी तिला येत होतं, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. अडलं असतं तर बरं झालं असतं, कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. माझं मराठी वाढत गेलं आणि कन्नड बारा वर्षांच्या मुलीचं होतं तिथेच थांबलं. पुढे न वापरता तेही झिजलं; पाणी दे, सोड, नको, भूक लागली, एवढंच त्यात उरलं. पुढे आयुष्यात जे जे घडलं, प्रेम, पस्तावा, दुखणी, त्या कशालाच माझ्याकडे कन्नड शब्द आला नाही.

मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा अप्पा गेले. कारखान्यातच छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. आमच्यात मयताला निजवत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात. खोलीत अप्पा बसलेले, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि अव्वा त्यांच्या पायाशी. गावाकडची माणसं अजून वाटेत होती. तिनं सुरुवात केली. सकाळी भाकरी बांधून दिली होती, कारखान्यातून डबा तसाच भरलेला परत आला, त्या भाकरीचं आता मी काय करू, असं ती त्यांना विचारत होती.

एवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. माझ्या कॉलेजच्या बाई आणि वर्गातल्या दहाबारा मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. अव्वाचा आवाज चढलेला, केस सुटलेले, एक हात अप्पांच्या गुडघ्यावर. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, हे मी आज शपथेवर सांगेन. पण मला सातवीतलं ते हसणंच ऐकू आलं. मी अव्वाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “सुम्म कूड.”

म्हणजे गप बस. आमच्याकडे दंगा करणाऱ्या पोरांना हे म्हणतात. आईला कुणी म्हणत नाही. कितीतरी वर्षांनी मी तिच्याशी कन्नड बोलले, आणि बोलले ते हे.

अव्वानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दवाखान्यात मी डॉक्टरांचं म्हणणं सांगायचे तेव्हा ऐकून घ्यायची, तसंच हेही ऐकून घेतलं. पदर तोंडात धरला आणि गप्प झाली. दोन तासांनी गावाकडच्या बायका आल्या, तिची धाकटी बहीण आली, जिला मी चिक्कव्वा म्हणते. त्यांनी रडणं उचललं. अव्वानं नाही उचललं. आख्ख्या पंचक्रोशीतल्या मयतांसाठी रडलेली बाई स्वतःच्या नवऱ्यासाठी तोंड दाबून रडली. आणि मी आत जाऊन बाईंसाठी पाणी आणलं.

नंतर मला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. नवऱ्याच्या घरी मराठीच. अव्वा एकटी नको म्हणून तिला मी माझ्याकडे आणलं, आणि उतारवयात तिला नातीशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लावलं. गावाकडचे निरोप येतच राहिले. ती जायची, बसलेला आवाज घेऊन परत यायची, गरम पाणी प्यायची. कुणाचं मयत, कसं गेलं, काय रडलीस, हे मी विचारत नसे आणि ती सांगत नसे.

मध्ये शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात एक साहेब सांगत होते की दोन भाषांत वाढणारं मूल जास्त हुशार होतं, त्याला जग दोन बाजूंनी दिसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्यात खोटं काही नाही. अक्कलकोटकडची पोरं पहिल्या आठवड्यात वर्गात रडायला लागतात तेव्हा मी “बा, इल्लि कूड,” म्हणजे ये, इथे बस, एवढंच म्हणते आणि त्यांचं रडं थांबतं. मुख्याध्यापक अशी पोरं मुद्दाम माझ्याच वर्गात घालतात. त्यातली कितीतरी आज नोकरीधंद्याला लागली आहेत, रस्त्यात भेटली की पाया पडतात, आणि अगदी शुद्ध मराठीत बोलतात. साहेबांना विचारावंसं वाटलं, की या हुशारीत पहिल्या भाषेचं काय झालं ते तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात आहे. विचारलं नाही. चहा आला होता.

अव्वा सत्तरीच्या पुढे गेली तशी मला एक भीती लागून राहिली. आमच्यात आईच्या मयताला पहिली ओळ लेकीनं उचलायची असते. मी एकुलती एक. एकदा भाकरी थापता थापता अव्वा सहज म्हणाली, “मी गेल्यावर तू रडशील ना गं? नीट?”

नीट म्हणजे कसं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी “काहीतरीच काय बोलतेस,” म्हणाले. मराठीत.

पण ते मनातून जाईना. एका रविवारी मी मोबाईल घेऊन तिच्यासमोर बसले. म्हणाले, मला शिकव, तू म्हण, मी रेकॉर्ड करून घेते. ती दचकलीच. मयत नसताना ते गायचं नसतं, घरादाराला अशुभ असतं. शिवाय ते शिकवायचं कसं, हे तिला कळेना. “हे काय शाळेतलं आहे?” ती म्हणाली. “बंदु कूड.” येऊन बस. चार मयतांना माझ्या शेजारी बस, आपसूक येईल.

पुढच्या मयताला सहामाहीचे पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्याला मुलीची बारावी. तिसऱ्या वेळी मी गेले, पण चपला हातात धरून मागे उभ्या राहणाऱ्या शहरातल्या पाहुण्यांत उभी राहिले आणि तासाभरात गाडीत बसले. कारणं सगळी खरी होती. तरी खरं कारण वेगळं होतं, ते इथे लिहून टाकते. मला लाज वाटायची. पन्नाशीला आलेली बाई मी, शाळेत माझा दरारा, आणि मांडी घालून त्या बायकांत बसायची मला लाज वाटायची.

माफी मागायचाही मी एकदा प्रयत्न केला. म्हणाले, “अव्वा, अप्पांच्या वेळी मी तुला जे बोलले...”

“ऊट आतेन?” ती म्हणाली. जेवलीस का?

मी जेवले होते. आम्ही दोघी बरोबरच जेवलो होतो. तिला तो विषय नको होता, आणि मीही तो परत काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात अव्वा गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. गावाकडच्या रानात, अप्पांना पुरलं होतं तिथेच शेजारी तिला ठेवायचं हे ठरलेलंच होतं. गाडीत मी तिच्या डोक्याशी बसले होते. वळसंग मागे पडलं तशी मी मनातल्या मनात शब्द जमवायला लागले, पाठाची तयारी करावी तशी. आठवण या शब्दाला कन्नडमध्ये काय म्हणतात? कष्टाला काय म्हणतात? माझं चुकलं, हे कसं म्हणतात? घरात मी ते कधी म्हटलंच नव्हतं. गाडीत कन्नड येणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला विचारायची वेळ निघून गेली होती.

गावात अव्वाला भिंतीला टेकवून बसवलं. विभूती लावली, हार घातला. बायका भोवती बसल्या, वीसेक तरी असतील. ती ज्यांच्या ज्यांच्या दारात जाऊन रडली होती त्या सगळ्या घरांतल्या होत्या. कुणी सुरुवात करेना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्यात दूषण नव्हतं, मान होता. लेकीच्या आधी कशी उचलायची, म्हणून त्या थांबल्या होत्या.

मी तोंड उघडलं आणि मराठी आलं. चांगलं मराठी आलं, हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. वाक्यं घडवलेली, शब्द निवडलेले, शोकसभेत शोभतील असे. दोन वाक्यं झाली असतील, चिक्कव्वानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ही बाई जन्मभर माझ्याशी कन्नडच बोलली होती. तेव्हा मात्र मला कळावं म्हणून ती मराठीत म्हणाली, “मराठीत नगं रडू बाळ. आक्काला कळायचं न्हाय.”

अव्वाला मराठी कळत होतं. चाळीसहून जास्त वर्षं सोलापुरात काढली होती तिनं. पण मी वाद घातला नाही. मी “अव्वा” म्हणाले. परत “अव्वा” म्हणाले. मग जे बाहेर आलं ते, “अव्वा, नंग हशिव आग्यद.”

अव्वा, मला भूक लागली आहे. कन्नडमध्ये तिला सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच एक पुरं वाक्य होतं. कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. बायका पुढच्या ओळीची वाट बघत राहिल्या आणि पुढची ओळ आली नाही. मी नुसती रडत होते, शब्दांवाचून, शहरातल्या बायका रडतात तशी.

शेवटी चिक्कव्वानं सुरुवात केली. लेकीला जमलं नाही तर दुसरी बाई तिच्या वतीनं रडते, तशी आमच्याकडे रीत आहे. ती ‘मी तुझी लेक’ म्हणून रडते. चिक्कव्वा मी होऊन माझ्या आईशी बोलायला लागली. हेल लांबलेला, आवाज चिरलेला, गावाकडचं जुनं कन्नड. तीन शब्दांतला एक मला कळत होता. अव्वा, अप्पा, तोंड, एवढं सुटं सुटं हाताला लागत होतं.

माझ्या शेजारी चिक्कव्वाची सून बसली होती. ती करमाळ्याच्या बाजूची, जेऊरकडची, माहेर सगळं मराठी. लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिला कन्नडचं अक्षर येत नव्हतं. तिच्या कानाशी लागून मी विचारलं, “काय म्हणतेय चिक्कव्वा?”

“ताई, त्या तुमच्या तोंडानं बोलत्यात,” ती कुजबुजली. “म्हणत्यात, अव्वा, तू साऱ्या गावाला रडलीस. आन अप्पाला रडाय बसलीस, तर म्या तुझं तोंड धरलं.”

म्हणजे अव्वानं बहिणीला सांगितलं होतं. या सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं, कित्येक वर्षं. मला जे तिला कधी म्हणता आलं नाही ते आता माझ्या नावानं, माझ्या आईसमोर, बारीकसारीक तपशिलानं म्हटलं जात होतं. आणि माझंच म्हणणं मला शेजारणीकडून मराठीत समजून घ्यावं लागत होतं. बायका सगळ्या एकदम हेलावल्या. चिक्कव्वानं अव्वाचे दोन्ही पाय धरले होते आणि ती तिला काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा, एकच ओळ.

“आता काय म्हणाली?” मी म्हणाले. “सांग ना, काय विचारतेय?”

जेऊरकडच्या त्या सुनेनं माझ्याकडे बघितलं, पण तिला आता सांगता येईना. तिलाही रडू फुटलं होतं, आणि ती कन्नडमध्ये रडत होती.